वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : होम्स काउंटीची माणसे, घरे आणि रोजचा व्यवहार

अमेरिकेच्या ग्रामीण भागाविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येत असतात. या खेपेस त्यांतील सहा पत्रे ओहायो राज्यातील होम्स काउंटी (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) या एकाच प्रदेशाविषयीची निघाली, म्हणून सदराची सगळी जागा तिलाच दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावांऐवजी पत्रलेखकांची गावे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा कोलंबस येथे नोकरीस आहे. त्याने आम्हा उभयतांना होम्स काउंटी दाखवली. शेते हिरवीगार, घरे ऐसपैस, रस्त्यावर घोड्यांच्या बग्ग्या, आणि दैन्य कोठेही दिसले नाही. परत आल्यावर कुतूहलाने अमेरिकी जनगणना खात्याचे आकडे पाहिले, तर शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांचे प्रमाण ओहायोत सर्वांत कमी असलेल्या भागांत ही काउंटी, आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या भागांतही हीच, आणि मोटार नसलेली घरेही येथे फार. मग हा प्रदेश सधन म्हणावा की गरीब? (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

उत्तर : आपण पाहिले तेही खरे आहे आणि वाचले तेही खरे आहे. अडचण एवढीच की आपण उल्लेखिलेले तिन्ही निर्देशक अन्यत्र बव्हंशी दारिद्र्य दाखवतात, तर होम्समध्ये ते प्रामुख्याने आमिश समाजाची शिस्त दाखवतात. आणि या काउंटीतील साधारण निम्मी वस्ती आमिश आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. होम्स काउंटी ओहायोच्या ईशान्य भागात, क्लीव्हलंडच्या दक्षिणेस आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. १८१२ च्या युद्धात पुढे १८१४ साली मारल्या गेलेल्या मेजर अँड्र्यू होम्स यांचे नाव देऊन १८२४ मध्ये ती स्थापन झाली. मिलर्सबर्ग हे तिचे मुख्य ठिकाण जेमतेम ३,००० वस्तीचे आहे आणि कायद्याने ज्याला शहर म्हणता येईल असे एकही गाव तिच्यात नाही. आमिश कुटुंबे पेनसिल्व्हेनियातून येथील वॉलनट क्रीक परिसरात आली ती १८०९ पासून, म्हणजे काउंटी होण्याच्याही आधी. हा ख्रिस्ती पंथ सोळाव्या शतकातील स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीच्या मुलखातून निघालेला. अर्भकांना बाप्तिस्मा देणे त्यांना मान्य नव्हते, शस्त्र धरणे मान्य नव्हते, आणि त्यासाठी त्यांनी पुष्कळ छळ सोसला. १६९३ मध्ये याकोब आमान याच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली, ते आमिश.

आता आपले तीन आकडे. आमिश मुले आठव्या इयत्तेनंतर शाळा सोडतात. त्यासाठी पालकांना दंड आणि क्वचित तुरुंगवासही भोगावा लागे. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे त्यांना ही मुभा दिली. तेव्हा ज्या काउंटीत निम्मे लोक नियमानेच आठवीला थांबतात, तिचा शिक्षणाचा आकडा खाली येणारच. विम्याचेही तसेच. संकटात एकमेकांना सावरणे हे मंडळीचे, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या कुटुंबांच्या समूहाचे, काम आहे, ते कंपनीवर किंवा सरकारवर सोपवू नये, अशी त्यांची श्रद्धा असल्याने बहुतेक आमिश व्यापारी विमा घेत नाहीत. स्वयंरोजगार करणाऱ्या आमिशांना सोशल सिक्युरिटीच्या करातून १९६५ च्या कायद्याने सूट मिळाली. ते तो कर भरत नाहीत आणि वृद्धापकाळाचे सरकारी वेतनही घेत नाहीत. प्राप्तिकर, मालमत्ता कर आणि विक्रीकर मात्र ते इतरांप्रमाणेच भरतात. याविषयी अमेरिकेतही गैरसमज फार आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले. रुग्णालयाचे मोठे बिल आले की ते मंडळीच्या मदतनिधीतून, आणि तेवढ्याने भागले नाही तर लिलाव किंवा सहभोजन करून जमवलेल्या पैशांतून भागवले जाते. मोटारीबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. बग्ग्या आपण पाहिल्याच आहेत.

यावरून सगळेच संपन्न आहेत असे मात्र समजू नये. दरडोई उत्पन्नाचा आकडा येथे कमी दिसतो, कारण मिळवत्या एका माणसाच्या उत्पन्नाला सहा-सात मुलांनी भागावे लागते. पण मुले सात असली की खर्चही सातांचा असतो. बेरोजगारी ओहायोतील काउंट्यांत बहुतेक वेळा सर्वांत कमी असलेल्यांत होम्सचे नाव असते, ही गोष्ट आपल्या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर देते. तरीही शिक्षणाचा आकडा अगदीच निरुपद्रवी नाही. जो तरुण विसाव्या-बाविसाव्या वर्षी समाज सोडून बाहेर पडतो, त्याला आठवीच्या दाखल्यावर अमेरिकेत नव्याने उभे राहावे लागते, आणि ती किंमत जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

प्रश्न : आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली. वाडीतील निम्म्या घरांना कुलपे आहेत. अमेरिकेतही खेडी ओस पडत असल्याचे वाचतो; मग होम्स काउंटी वाढते कशी, आणि त्यातून आम्हाला काही घेण्यासारखे आहे काय? (शिक्षिका, देवरूख)

उत्तर : आपली माहिती बरोबर आहे. रत्नागिरीची लोकसंख्या त्या दशकात १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. ओहायोचे चित्रही फारसे निराळे नाही. राज्यात ८८ काउंट्या आहेत, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक २०१० ते २०२० या दशकात आक्रसल्या. होम्सच्या दक्षिणेला लागून असलेली कोशॉक्टन काउंटी ३६,९०१ वरून ३६,६१२ वर आली. थोडे पूर्वेकडे गेले की लागणारी हॅरिसन काउंटी १५,८६४ वरून १४,४८३ वर घसरली. होम्समध्ये मात्र २००० साली ३८,९४३, २०१० मध्ये ४२,३६६ आणि २०२० मध्ये ४४,२२३ लोक होते.

ही वाढ बाहेरून माणसे आल्याने झालेली नाही. उलट जमीन पुरत नाही म्हणून येथील आमिश कुटुंबे सतत बाहेर जात असतात आणि न्यू यॉर्क राज्य, केंटकी किंवा ओहायोच्याच दक्षिण भागात, जेथे शेती स्वस्त मिळते तेथे, नव्या वसाहती करतात. एवढे जाऊनही लोकसंख्या वाढते याचे कारण जन्म. आमिश कुटुंबात सरासरी सहा-सात मुले असतात. आणि त्यांतील दहांपैकी आठाहून अधिक मोठेपणी स्वतः बाप्तिस्मा घेऊन समाजातच राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सबंध अमेरिकेत जेमतेम ५,००० आमिश होते, आज ते ४ लाखांच्या घरात आहेत. साधारण वीस वर्षांत संख्या दुप्पट होते. परिणामी होम्समधील जवळपास निम्मी माणसे तिशीच्या आतली आहेत, तर ओहायोत आणि देशात वयाची ही मध्यरेषा ३९ च्या आसपास आहे. ज्या काळात शेजारच्या काउंट्या शाळा एकत्र करून इमारती बंद करतात, त्या काळात येथे दोन खोल्यांच्या नव्या शाळा बांधल्या जातात.

पण मुले जन्मली म्हणून ती गावात राहतातच असे नाही, हे आपण कोकणातल्या असल्याने मी सांगण्याची आवश्यकता नाही. राहण्यासाठी हाताला काम लागते. १९६० च्या सुमारास येथील बहुसंख्य आमिश शेतीवर जगत. आज शेती हा मुख्य व्यवसाय असलेली घरे पाचांत एक एवढीही उरलेली नाहीत. त्यांची जागा सुतारकामाने घेतली. ओक, चेरी आणि मेपल लाकडाचे फर्निचर करणारे शेकडो लहान कारखाने या परिसरात आहेत आणि त्यांतील पुष्कळसे घराच्या आवारातच आहेत. एक जण खुर्च्यांचे पायच करतो, दुसरा फक्त वाफेने लाकूड वाकवतो, तिसरा रंगकाम, आणि चौथा हे सगळे जोडून दुकानदारांना विकतो. म्हणजे एका मोठ्या कारखान्याचे विभाग निरनिराळ्या घरांत विखुरलेले असावेत अशी ही व्यवस्था आहे. बाप दिवसभर डबा घेऊन दूरच्या कारखान्यात गेला तर मुलांना वळण कोण लावणार, ही बिशपांची चिंता या घरगुती कारखान्यांच्या मागे आहे. बांधकाम, लाकूड-गिरण्या, चीज कारखाने आणि पर्यटन यांतही बरेच लोक आहेत.

घेण्यासारखे काय, हा आपला प्रश्न मात्र मला अडचणीचा वाटतो. होम्स भरलेली राहते याचे एक मोठे कारण असे की उच्च शिक्षणाची वाट आठवीनंतर बंद केलेली आहे. कोकणातील मुलगी रत्नागिरीला, पुण्याला शिकावयास जाते आणि परत येत नाही, म्हणून वाडी रिकामी होते. ती जाऊ नये म्हणून तिची शाळा थांबवावी असे आपण म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही. स्त्रीच्या वाट्याला येणारी सात बाळंतपणे, बाप्तिस्म्यानंतर नियम मोडणाऱ्यावर घातला जाणारा बहिष्कार, मोजक्या मूळ कुटुंबांतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्याने आढळणारे दुर्मीळ आनुवंशिक आजार, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. यातून सुटे करून घेता येईल असे एकच दिसते : एका वस्तूचे लहान लहान टप्पे निरनिराळ्या घरांत वाटून देणारा धंदा, ज्यात भांडवल थोडे लागते आणि कामाला चालत जाता येते. काजूवर प्रक्रिया करणाऱ्या कोकणातील घरगुती केंद्रांना तो विचार अगदी परका नसावा.

प्रश्न : अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत असे आम्हाला शिकवले. मग काउंटीत आमिश किती, हे सांगतात कशावरून? (विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : आपल्याला बरोबर शिकवले आहे. अंदाजाचे मार्ग तीन. पहिला भाषेचा : घरात कोणती भाषा बोलता, हा प्रश्न विचारला जात असे आणि आजही नमुना पाहणीत विचारला जातो. २००० साली होम्समध्ये दर पाचांपैकी सुमारे दोघांनी पेनसिल्व्हेनिया जर्मन (आमिशांची घरची बोली) किंवा जर्मन असे उत्तर दिले होते. दुसरा मार्ग धर्मसंस्थांनी स्वतः कळवलेल्या संख्यांचा. २०१० च्या अशा गणनेत आमिशांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या थोडे पुढे निघाले. तिसरा आणि सर्वांत भरवशाचा मार्ग त्यांनी स्वतःच छापलेल्या कुटुंबसूचीचा. तीत मंडळीवार प्रत्येक घर, पतिपत्नींच्या जन्मतारखा, मुले आणि व्यवसाय यांची नोंद असते. होम्स आणि लगतच्या काउंट्या मिळून होणाऱ्या सलग वसाहतीत ३५ हजारांहून अधिक आमिश राहतात आणि पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरनंतर ती देशात दुसऱ्या क्रमांकाची मानली जाते, हे अनुमान अशा नोंदींवरूनच निघते. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकाला इतकी व्यवस्थित नोंद सहसा मिळत नाही.

प्रश्न : मी गृहबांधणीच्या व्यवसायात आहे. विजेची तार न घेता एवढी मोठी घरे कशी चालतात? घरांची रचना, बांधकाम, जमीन आणि कर्ज यांविषयी तपशीलवार लिहावे. (स्थापत्य अभियंता, नाशिक)

उत्तर : येथील घर मोठे का, या प्रश्नापासून सुरुवात केली तर बाकीचे आपोआप उलगडते. आमिशांना चर्चची इमारत नसते. २५ ते ४० कुटुंबांची एक मंडळी असते आणि तिची उपासना एक रविवार सोडून एकेका कुटुंबाच्या घरी, पाळीपाळीने होते. म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी प्रत्येक घरात दीड-दोनशे माणसे सुमारे तीन तास बसणार आणि नंतर जेवणार. त्यासाठी लागणारी बाके एका बंदिस्त गाडीत भरून या घरून त्या घरी नेली जातात. साहजिकच घर बांधताना खालच्या मजल्यावरील खोल्यांमधील भिंती सरकत्या किंवा काढता येण्याजोग्या ठेवतात, नाहीतर तळघर किंवा कामाची शेड एवढी मोठी करतात की तेथे उपासना व्हावी. घरात सरासरी माणसेही जास्त : २०१० मध्ये काउंटीत सुमारे १२,५०० कुटुंबे होती आणि दर कुटुंबी सरासरी ३.३ माणसे, तर देशाची सरासरी २.६ च्या आत होती. ही सरासरी बिगर-आमिश घरे धरून आहे. केवळ आमिश घरांची काढली तर ती बरीच वर जाईल.

रचनेतील दुसरा विशेष म्हणजे म्हाताऱ्यांचे घर. त्याला तेथे डॉडी हाउस म्हणतात. धाकटा मुलगा, बहुधा धाकटाच, संसाराला लागला की आईवडील मोठे घर आणि शेत किंवा धंदा त्याच्या स्वाधीन करून आवारातच बांधलेल्या लहान घरात राहावयास जातात. कधी ते मूळ घराला जोडलेले असते, कधी एका झाकलेल्या वाटेने सांधलेले, कधी स्वतंत्र. चूल वेगळी, दार वेगळे, पण नातवंडे दिवसभर तेथेच. आजोबांचे आईवडील हयात असतील तर एका आवारात तीन घरेही दिसतात. मला विचाराल तर या काउंटीच्या गृहरचनेत सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे. वृद्धाश्रमाची गरज तिने जवळपास उरू दिलेली नाही, आणि मोठ्या घराचा ताबा वेळेवर, हयातीतच, भांडणाविना पुढच्या पिढीकडे जातो. आपल्याकडे सातबाऱ्यावर सतरा नावे चढेपर्यंत थांबण्याची जी रीत आहे तिच्याशी ताडून पाहावे.

आता विजेविषयी. आमिशांचा विरोध विजेला नाही, बाहेरच्या जगाशी घर जोडणाऱ्या तारेला आहे, आणि किती मोकळीक द्यावयाची हे प्रत्येक गट आपापल्या नियमावलीनुसार ठरवतो. होम्स परिसरात असे दहाएक गट आहेत. अतिशय कर्मठ असलेल्या स्वार्ट्झेनट्रूबर गटाच्या घरात रॉकेलचे कंदील असतात आणि घरात नळ-संडासही नसतात. मधल्या ओल्ड ऑर्डर गटात स्नानगृह, गरम पाणी, गॅसवर चालणारा फ्रीज आणि शेगडी सर्रास असते; दिवा बहुधा चाकांच्या लाकडी कपाटावर उभा असतो आणि त्या कपाटात प्रोपेनची टाकी असते, अलीकडे तिच्या जागी बॅटरी आणि एलईडी आले. या भागात नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत, त्यामुळे काही शेतांना स्वतःचाच गॅस मिळतो. कारखान्यात डिझेल इंजिन हवा दाबून टाक्या भरते आणि करवतीपासून रंधायंत्रापर्यंत सगळे त्या दाबलेल्या हवेवर किंवा तेलाच्या दाबावर चालते. शिलाई यंत्र आणि मिक्सरही हवेवर चालतील असे बदलून देणारे कारागीर येथे आहेत. छपरांवर सौर पट्ट्याही आता पुष्कळ दिसतात. टेलिफोन घरात नसतो, तो आवाराच्या टोकाला एका लहान खोपटात असतो. बिगर-आमिश माणसाचे घर विकत घेतले तर ठरावीक मुदतीत तारा काढून टाकाव्या लागतात. बाहेरून पाहिले तर दोन्ही घरांत फरक कळतो तो कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून, कारण ती कप्पीवरून ओसरीपासून एका उंच खांबापर्यंत गेलेली असते आणि तीवर सोमवारी गडद रंगांचे कपडे ओळीने फडफडत असतात.

बांधकाम करणारे गवंडी-सुतार समाजातच मुबलक आहेत. कोणाचे कोठार जळाले तर शेकडो माणसे जमून एक-दोन दिवसांत नवे उभे करतात, ही गोष्ट प्रसिद्धच आहे; पण हे दृश्य रोजचे नव्हे, आणि नवे घर बांधावयाचे तर येथेही ठेकेदार नेमून पैसे मोजावे लागतात. आगीच्या नुकसानीसाठी त्यांचे परस्पर साहाय्याचे निधी आहेत आणि त्यांत प्रत्येक जण मालमत्तेच्या मानाने भर घालतो. कर्ज स्थानिक बँका देतात. सर्वसाधारण विमा नसल्याने अशी गृहकर्जे पुढे बाजारात विकणे कठीण असते, त्यामुळे बँक ती स्वतःकडेच ठेवते. पण बुडित कर्जे या समाजात फार थोडी, म्हणून बँकांची तक्रार नसते. एकूण घरांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक घरांत मालकच राहतात.

खरा पेच जमिनीचा आहे. मुले सात आणि शेत एक, तेही साधारण तीस-पस्तीस हेक्टरांचे. ते सातांत वाटले तर कोणाचेच पोट भरणार नाही. म्हणून एक मुलगा शेत घेतो आणि बाकीच्यांना रस्त्याकडेचे अर्ध्या-एक एकराचे तुकडे मिळतात, ज्यांवर घर, घोड्याचा तबेला, थोडा चारा आणि एक कारखान्याची शेड बसते. परिणाम असा की नकाशावर ज्याला शेती म्हटले आहे अशा रस्त्यांवर घरांची सलग रांग होत चालली आहे, आणि शेतजमिनीचा भाव शेतीच्या उत्पन्नावर कर्ज फेडता येणार नाही इतका चढला आहे.

प्रश्न : होम्सविषयी जे काही वाचावे ते आमिशांचेच. उरलेले निम्मे लोक कोण आहेत आणि त्या दोघांचे जमते का? (प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, आणि या अंकातील आतापर्यंतच्या उत्तरांनाही तो लागू पडतो. काउंटीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग मनाशी धरावेत. बर्लिन, चार्म, माउंट होप, वॉलनट क्रीक ही पूर्वेकडील गावे आमिशबहुल. किलबक, ग्लेनमाँट, नॅशव्हिल ही पश्चिम व दक्षिणेकडील गावे बव्हंशी इतरांची. पश्चिमेकडे जंगल जास्त आहे, लाकूडतोड आहे, तेल-वायूच्या विहिरी आहेत, शरद ऋतूत हरणांच्या शिकारीसाठी बाहेरून लोक येतात, आणि वाढते वय, बाहेर जाणारी मुले ही सर्वसाधारण ग्रामीण ओहायोची लक्षणे तेथे दिसतात. पूर्वेकडील बिगर-आमिशांत मेनोनाइट, म्हणजे आमिशांच्याच मूळ परंपरेतील पण कमी कडक पंथाचे लोक, पुष्कळ आहेत. ते मोटार चालवतात, महाविद्यालयात जातात, पण आडनावे तीच : मिलर, योडर, ट्रॉयर, हर्शबर्गर. मूळचे एकच घराणे दोन-तीन पिढ्यांपूर्वी दोन चर्चमध्ये विभागले गेल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

जमते, कारण एकमेकांवाचून चालत नाही. आमिश माणूस मोटार चालवत नाही, पण भाड्याने मोटारीत बसतो. त्यामुळे व्हॅन घेऊन बांधकामाच्या टोळ्या कामावर पोहोचवणे, बाजारहाट करून आणणे आणि रुग्णालयात नेणे हा कित्येक निवृत्त बिगर-आमिश लोकांचा जोडधंदा आहे. हिवाळ्यात येथून फ्लोरिडातील पाइनक्राफ्ट या त्यांच्या आवडत्या मुक्कामाला बसगाड्याही जातात. हाताने धार काढून कॅनमध्ये भरलेले दूध मोठ्या दुग्धालयांना चालत नाही, ते चीज कारखाने घेतात. आणि हे कारखाने मुख्यतः स्विस वंशाच्या बिगर-आमिश कुटुंबांनी काढलेले आहेत. चार्मजवळ आल्फ्रेड गुगिसबर्ग यांनी १९६० च्या दशकात तयार केलेले बेबी स्विस हे चीज तर देशभर गेले. पूर्वेकडील सरकारी प्राथमिक शाळांतही आमिश मुले बरीच असतात आणि आठवीनंतर एकदम गळतात, म्हणून तेथील माध्यमिक शाळा गावांच्या मानाने लहान आहे.

खटके उडतात ते रस्त्यावर. घोड्यांच्या नालांनी डांबर उखडते, आणि चढ-उतारांच्या वळणदार रस्त्यांवर मागून येणाऱ्या मोटारीला बग्गी उशिरा दिसते. संथ वाहनांच्या मागे लावावयाचा नारिंगी त्रिकोण ओहायो स्टेट विद्यापीठातच १९६० च्या दशकात तयार झाला. बहुतेकांनी तो स्वीकारला, कर्मठांनी तो भडक म्हणून नाकारला. २०२२ मध्ये ओहायोने बग्गीवर लुकलुकणारा पिवळा दिवा सक्तीचा केला, तेव्हा तोच वाद पुन्हा निघाला आणि राज्यातील काही कर्मठांना दंड झाले. कायद्याचा हेतू मला योग्य वाटतो, कारण या अपघातांत मरतात ती बहुधा बग्गीतील माणसे. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या सायकली तरुण आमिशांनी झपाट्याने उचलल्या आहेत आणि माउंट होपच्या बाजूला त्या बग्ग्यांच्या बरोबरीने दिसतात.

प्रश्न : आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन एक दिवस होम्सला जाण्याचा विचार आहे. ते शुद्ध शाकाहारी आहेत. केव्हा जावे, काय पाहावे, कोणते पथ्य पाळावे? (वाचक, ओहायो)

उत्तर : रविवारी जाऊ नये, बर्लिन आणि वॉलनट क्रीकची दुकाने, खाणावळी त्या दिवशी बंद असतात. ऑक्टोबरातील शनिवारही टाळावा, पानांचे रंग पाहण्यासाठी एवढी गर्दी लोटते की बर्लिनमधून जाणाऱ्या ३९ क्रमांकाच्या रस्त्यावर गाड्या खोळंबून राहतात. बुधवार चांगला, कारण त्या दिवशी माउंट होप येथे गुरांचा लिलाव भरतो आणि आमिश शेतकरी पर्यटकांसाठी नव्हे तर स्वतःच्या कामासाठी जमलेले दिसतात. बाबांना बैलबाजार ठाऊक असेल तर त्यांना लिलावकर्त्याच्या बोलण्याचा वेग ऐकण्यात मौज वाटेल. बर्लिनमधील आमिश-मेनोनाइट वारसा केंद्रात हाइन्झ गाउगेल यांनी रंगवलेले भव्य वर्तुळाकार चित्र आहे. पंथाचा इतिहास एका खोलीत उभा राहून पाहता येतो. चालण्याची आवड असेल तर जुन्या रेल्वेमार्गावर केलेली, फ्रेडरिक्सबर्गपासून मिलर्सबर्गमार्गे किलबकपर्यंतची वाट घ्यावी. तिच्यावर सायकली आणि पादचाऱ्यांसाठी एक पट्टा व बग्ग्यांसाठी दुसरा, अशी सोय आहे.

माणसांचे छायाचित्र समोरून घेऊ नये, ते त्यांच्या धर्मभावनेला खुपते. शेताचे, बग्गीचे दुरून घेतल्यास हरकत नसते. बग्गीला मागे टाकताना भोंगा वाजवू नये, घोडा बुजतो, आणि चढाच्या माथ्याजवळ ओलांडूच नये. रस्त्याकडेच्या घरांवर अंडी, मध, भाज्या, रजया यांच्या पाट्या असतात, तेथून निःसंकोच खरेदी करावी. 'रविवारी विक्री नाही' हे वाक्य पाटीवर बहुधा असतेच. रोख पैसे जवळ ठेवावेत.

जेवणाबाबत मात्र आईबाबांना आधी कल्पना द्यावी. तेथील खाणावळींत भर कोंबडी, रोस्ट बीफ आणि ग्रेव्हीवर असतो. शेवयांसारख्या दिसणाऱ्या नूडल्समध्ये अंडे असते आणि त्या बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, हिरव्या शेंगांत हॅमचे तुकडे असू शकतात, आणि 'पाय' (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाच्या कवचात काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. मॅश केलेले बटाटे ग्रेव्हीशिवाय मागावेत, ताजा पाव आणि सफरचंदाचे घट्ट शिजवलेले बटर घ्यावे, सॅलड घ्यावे. चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) वापरले आहे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे वेष्टनावर लिहिलेले नसेल तर दुकानात विचारावे. या प्रश्नाची त्यांना सवय आहे. एकंदरीत घरून थेपले किंवा दशम्या बरोबर नेलेल्या बऱ्या, आणि त्या किलबकच्या वाटेवरील एखाद्या बाकावर बसून खाता येतील.